मोहोराची शिंक

"मास्तर, च्या घेतलास, पोहे खाल्लास, आता बाग बघूक चला," असं म्हणून आबा तावडे पायरी उतरले आणि चालायलाच लागले.

मला बाग बघायची नव्हती. मला त्यांची मुलगी मागायची होती. त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घातला होता, मिशी कोरून घेतली होती आणि रस्ताभर एक वाक्य घोकत आलो होतो: 'आबा, हेमांगीसाठी मी तुम्हाला भेटायला आलोय.' आमच्या लातूरकडं मागणी घालायला बाप जातो, चुलते जातात, नाहीच कुणी तर गावातला एखादा भरदार मिशीवाला जातो. पण माझ्या वडिलांनी साफ सांगितलं होतं, "व्यंकट, तुझं तू निस्तर. त्या घाटातल्या वळणांनी मला मळमळतंय. लग्नाला येतो, आधी काय येत नसतो." म्हणून एकटाच आलो होतो आणि आता मुकाट्यानं आबांच्या मागं चाललो होतो.

सडेवाडीच्या हायस्कुलात मी शास्त्र शिकवायचो. हेमांगी तिथंच हिंदी शिकवायची. आमचं आपसात ठरलं होतं. राहिला होता तो फक्त बाप, आणि हा बाप म्हणजे गावातला सगळ्यात मोठा आंबा बागायतदार.

माघ महिना होता. आबांची हापूसची झाडं मोहोरानं नुसती लगडली होती. पान दिसेना. बागेत शिरलो तसं माझ्या नाकात काहीतरी चाळवलं. दर माघात माझं नाक वाहायचं, पण मी ते थंडीवर ढकलायचो. ऐन मोहोरात झाडाच्या बुंध्याशी मी तोवर कधी उभा राहिलो नव्हतो.

"ह्या झाड माझ्या आज्यान लावलेला," आबा खोडावर हात ठेवून म्हणाले. "बोला आता. काय बोलूचा होता?"

म्हणजे म्हातारा सगळं ओळखून होता. मी छाती पुढं काढली.

"आबा, हेमांगीसाठी मी तुम्हाला... आऽऽक्छी!"

"काय?"

"हेमांगीसा... आक्छी! मी तुम्हा... आऽऽक्छी! आक्छी!"

एकदा सुरू झाल्यावर थांबेचना. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. आबांच्या धोतरावरही थोडं उडालं. त्यात नेमका वारा सुटला आणि वरून भुरुभुरु मोहोर गळायला लागला. आबा आधी मोहोराकडं आणि मग माझ्याकडं असं काही बघायला लागले, की जणू मी झाडाच्या कानाखाली वाजवली.

मग ते पाठमोरे झाले. बंडीच्या खिशातून चांदीची छोटी डबी काढली, चिमूट भरली, नाकाला लावली आणि दोन दणदणीत शिंका दिल्या.

"तपकीर," रुमालानं नाक पुसत ते म्हणाले. "ही वेगळी. मास्तर, मोहोराक शिंकणारो माणूस माझ्या घरात चलाचो नाय. या तुमी."

एवढ्यावर माझी मागणी आटोपली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हेमांगीनं मला प्रयोगशाळेत गाठलं. रागानं नाक लाल झालं होतं तिचं, आणि माझं आपोआपच.

"तुम्हाला काय तोच मुहूर्त सापडला शिंकायला?"

"मी काय मुद्दाम शिंकलो का?"

"आबांचं काय म्हणणं आहे माहितीये? मोहोराला शिंकलं की मोहोर रुसतो आणि गळतो. आजोबांपासून चालत आलेलं आहे ते. आणि सगळ्या गावाला आता कळलंय, की तुम्ही मागणी घालताना शिंकलात. माशी शिंकली असती तर चाललं असतं, इथं नवराच शिंकला!"

सडेवाडीत शिंकेला फार मान. नांगर जोडताना शिंक आली की बैल परत गोठ्यात. एसटी सुटताना कुणी शिंकलं तर चार माणसं खाली उतरून पुढच्या गाडीनं जायची. एवढी एकच सूट होती: तपकिरीची शिंक. ती माणसानं स्वतः बोलावून आणलेली असते, देवानं धाडलेली नसते, म्हणून ती धरायची नाही. गावात तपकीर ओढणारे आबा एकटेच होते, त्यामुळं या सवलतीचा फायदाही त्यांना एकट्यालाच होता.

"त्यांना म्हणावं, मलाही द्या चिमूटभर तपकीर," मी म्हटलं. "मग माझ्याही शिंका माफ."

"आबा? आणि तपकीर देतील? अहो, त्यांनी आजवर कुणालाही चिमूट दिलेली नाही. डबीला हात लावू देत नाहीत. गावात म्हणतातच, चिमूट देत नाय तो चेडू काय देतलो! चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी!" आणि मग तिचा आवाज एकदम उतरला. "बोरिवलीचं एक स्थळ आलंय. होळीला ते लोक गावी येतायत. आबा त्यांना हो म्हणायच्या बेतात आहेत."

"आणि तू?"

"मी रात्री जेवले नाही. म्हणून आबा एवढ्यावर आलेत, की माघी पौर्णिमेला देवीचा कौल लावू. देवी सांगेल तसं करू."

कौल मी पाहिलेला होता. पावणाईच्या देवळात गुरव मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडं आणि एक डावीकडं. मग गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. शास्त्राचा मास्तर म्हणून मी त्यावर वर्गात काय काय बोललो होतो ते इथं सांगत नाही. आता त्याच पाकळ्यांवर माझा संसार लटकला होता.

"मग बरंच आहे की," मी म्हटलं. "निम्मी तरी आशा आहे."

"कसली निम्मी! गाऱ्हाण्याला तुम्हाला समोर उभं राहावं लागणार. आणि गाऱ्हाणं चालू असताना कुणी शिंकलं तर कौल मोडला. परत लावायचा तो पुढच्या माघात. तोवर मी बोरिवलीत पापलेट तळत असेन!"

मी शिंकलो.

"बघा!" म्हणून ती पाय आपटत निघून गेली.

मी आधी तालुक्याच्या डॉक्टरांची गोळी आणली. शिंका थांबल्या, पण झोप अशी अनावर झाली की नववीच्या वर्गात पचनसंस्था शिकवता शिकवता मी लहान आतड्यापाशी उभ्या उभ्या पेंगलो आणि फळ्यावर डोकं आपटून जागा झालो. पोरं इतकी हसली की हेडमास्तर धावत आले. देवीपुढं घोरणं हे शिंकण्यापेक्षा बरं, असं कुठं कुणी सांगितलेलं नव्हतं. गोळ्या बंद केल्या.

आणि मग चंद्राआतेंचं बोलावणं आलं.

चंद्राआते म्हणजे आबांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेल्या, काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. आबा जगात कुणाला भीत असतील तर या बाईला. त्यांनी मला मागच्या पडवीत पाटावर बसवलं, हनुवटी धरून मान वर केली आणि दिवसाच्या उजेडात माझी नाकपुडी तपासली. आमच्याकडं बैल विकत घेताना दात बघतात, त्याची आठवण झाली.

"मेल्या, तू शिंकतंस की बार काढतंस? माका घरात आयकाक येता. डोळ्यांका खाज येता?"

"येते."

"टाळ्याक?"

"त्याला पण."

"सकाळी जास्त, की दिस वर इल्यार?"

"सकाळी. दव असतं तेव्हा."

"हां. तसाच," म्हणून त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, बाई फारच अभ्यासू दिसतात. पुढच्या पडवीत आबा पेपर वाचत बसले होते. दारातून त्यांचा पाय आणि पेपराचा कोपरा दिसत होता. तेवढ्या वेळात त्यांनी पान उलटलं नाही.

"काट्यान काटो काढूचो," आते म्हणाल्या. "ज्या मोहोरान शिंक येता, तोच मोहोर पोटात गेलो पायजे. मगे तो आनि तू सोयरे झालास. सोयऱ्याक कोण शिंकता?"

विचार तसा पटण्यासारखा होता. देवीची लस टोचतात ती याच हिशेबानं, असं मी मनाशी म्हणालो. शिकलेल्या माणसाचं हेच वाईट, त्याला कशालाही कारण सापडतं. आतेंनी मूठभर मोहोर, मिरी आणि गूळ घालून उकळलेला काढा पुढं केला. हिरवा काळपट रंग, वर तवंग.

"नाक मुठीत धर आनि पी."

प्यालो. शाळेत पोचेपर्यंत ओठ जड झाले. प्रार्थना संपेपर्यंत डोळ्यांच्या फटी झाल्या. हजेरी घेताना मला वही दिसेना आणि पोरांना मी ओळखू येईना. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "आज नवे सर आलेत काय?" हेमांगी दारात आली, माझ्याकडं बघितलं, पदर तोंडात कोंबला आणि खांबाला धरून हसत सुटली. मग हसता हसताच रडायला लागली.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "मरून जाल. मी बोरिवलीला जाते."

"गप," मी सुजलेल्या ओठांनी म्हटलं. ते 'भप' असं ऐकू आलं.

संध्याकाळी आतेंनी माझा अवतार पाहिला. त्यांना माझी दया येईल असं वाटलं होतं. त्या फक्त वाकून बराच वेळ निरखत राहिल्या आणि म्हणाल्या, "हां. म्हंजे ह्या नको."

पुढच्या पडवीत पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतर ओव्याची धुरी झाली. डोक्यावर घोंगडं घेऊन निखाऱ्यावर वाकायचं. शिंका थांबल्या नाहीत, भुवया मात्र करपल्या. मग मिठाच्या पाण्याची झारी झाली, एका नाकपुडीतून ओतायचं आणि दुसरीतून काढायचं. माझं पाणी कानात गेलं आणि मला पोरांची उत्तरं दोन दिवस लांबून ऐकू येत होती. मग हळदीचं दूध, मग मध, मग गुळवेल. प्रत्येक वेळी आते यायच्या, निरखायच्या, चार प्रश्न विचारायच्या आणि "ह्याव नको" म्हणून निघून जायच्या. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बेडूकसुद्धा याहून सुखात असत.

शेवटी त्यांनी घरी काढलेलं खोबरेल घेतलं, त्यात तुळस आणि ओवा कढवला आणि ते कोमट तेल माझ्या दोन्ही नाकपुड्यांत थेंब थेंब सोडलं.

"आता वारो आत गेलो तरी तेलार घसरून भायर पडात," त्या म्हणाल्या.

मी थोड्या वेळानं बागेच्या दगडी गडग्यापाशी जाऊन उभा राहिलो. एक शिंक आली. वाट बघितली. दुसरी आली नाही! मी धावत परत आलो.

"आते, एकच!"

"एकच?" आतेंचे डोळे चमकले. त्यांनी पुढच्या पडवीकडं तोंड करून, पलीकडच्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "तेलान गुण येता हां! सकाळ-संध्याकाळ घालूचा!"

पौर्णिमेला आख्खी सडेवाडी देवळात लोटली होती. कौल म्हणजे एरवी वाटणीचा नाही तर विहिरीचा. घाटी मास्तरच्या लग्नाचा कौल गावानं कधी बघितला नव्हता. माणसं डबे घेऊन आली होती.

पायरीशी चपला काढल्या. आबांनी चपलांशेजारी आपली चांदीची डबी ठेवली. पावणाईच्या देवळात विडी, तपकीर, तंबाखू चालत नसे. आबांचं तोंड उपाशी माणसासारखं झालं होतं. त्यांच्या हातात केळीच्या पानावर मोहोराचा एक मोठा तुरा होता. गावातल्या पहिल्या बागायतदाराचा मोहोर माघात देवीच्या पायाशी ठेवायचा, हा तावड्यांचा मान. आबांनी तो हात लांब करून धरला होता आणि तोंड दुसरीकडं वळवलं होतं. मला वाटलं, म्हातारा माझ्यावरचा राग दाखवतोय.

मला गाभाऱ्याच्या उंबऱ्याच्या डाव्या बाजूला उभं केलं, आबांना उजव्या. बायका एका अंगाला बसल्या. त्यांत हेमांगी होती. हिरवी साडी नेसली होती आणि हाताची नखं खात होती. माझ्या नाकात इतकं तेल होतं की ते मिशीवरून ओघळून ओठांवर येत होतं. श्वास मी तोंडानं घेत होतो आणि मनात मूलद्रव्यांची नावं हायड्रोजनपासून म्हणत होतो.

बाळा गुरवानं मूर्तीला जास्वंदीच्या दोन पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि सूर धरला.

"आये पावणाये! आज ह्या तुझ्या तावड्याच्या घरातला चेडू घाटावरच्या मास्तराक देवचा काय नको देवचा, ता तू उजवा-डावा करून सांग गो आये!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव ओरडला.

"दोगांचाव बरा होवचा आसात तर उजवो दी! काय वाकडा आसात तर डावो दी! कोणाची नजर, कोणाची करणी, कोणाचा तोंड आड इला आसात, तर ता पायाखाली घाल!"

"व्हय म्हाराजा!"

मी कॅल्शियमपाशी होतो. नाकात एकदा सुळसुळलं, पण तेलावर घसरलं. पुढं गेलो. लोखंड झालं, तांबं झालं, जस्त झालं. पाकळ्या हलेनात. डावी मूर्तीला घट्ट चिकटलेली. उजवीचं टोक सुटून लोंबत होतं, पण पडत नव्हतं. गुरव घामाघूम झाला. मागं कुणीतरी डबा उघडला. वेळ जाता जाईना.

आबांना धीर धरवेना. उजव्या पाकळीचं काय होतंय ते बघायला त्यांनी उंबऱ्यावरून मान आत घातली. देवीच्या पायाशी त्यांचाच मोहोराचा तुरा होता. समईच्या उबेनं तो चांगला दरवळत होता. आबांचं नाक बरोबर त्याच्यावर आलं.

मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. आधी नाकपुड्या फुगल्या. मग डोळे बारीक झाले, वरचा ओठ थरथरला. हे सगळं मला फार ओळखीचं वाटलं. माझ्या मनात आलं, अरे, हा माणूस तर...

"हाऽऽऽक्छीऽऽ!"

समई विझली. गाभारा घुमला. वरची घंटा हलली म्हणतात, पण ती मी ऐकली नाही. आणि उजवी पाकळी सुटून देवीच्या पायावर पडली.

"उजवो!" बाळा गुरव ओरडला, आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

देवळात असा कल्ला झाला म्हणता! "कौल मोडलो, शिंक इली!" असं निम्मे म्हणायला लागले. "पाकळी आधी पडली!" असं बाकीचे. "खंय आधी? शिंकेच्या वाऱ्यान पडली!" "मगे वारो कोणाचो? देवीचोच मा?" एकानं तर मला विचारलं, "मास्तर, तुम्ही शास्त्रवाले, आवाजाचो वेग किती ता सांगा." मी लगेच सांगितलाही असता, पण तोंडात तेल होतं.

आणि या गोंगाटाच्या वर चंद्राआतेंचा आवाज आला.

"गप रवा सगळे! आबा, शिंक कसली ती सांग."

सगळ्या माना आबांकडं वळल्या.

"कसली म्हंजे?" आबा रुमालाआडून म्हणाले.

"म्हंजे तपकिरीची, की देवान धाडलेली? तपकिरीची आसात तर धरूची नाय. मगे कौल उजवो. तपकिरीची नसात तर कौल मोडलो, घाटी मास्तर आपल्या घाटार जाईत. पण मगे कसली, ता सगळ्या गावाक सांग."

आबांनी एकदा देवीच्या पायाशी ठेवलेल्या तुऱ्याकडं बघितलं. एकदा गावाकडं बघितलं. त्यांना कौल मोडायचाच होता की! एक शब्द बोलले असते की झालं असतं, हेमांगी बोरिवलीला गेली असती. पण तो शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. मग त्यांची नजर हेमांगीवर गेली. पोरगी आता नखंही खात नव्हती, नुसती बघत होती. आबांनी घसा खाकरला.

"तपकिरीची," ते म्हणाले.

"देवळात?" गुरवानं विचारलं.

"नाय. येताना व्हाळाकडे घेतलेली. आता उतरली."

"इतक्या उशिरान?"

"तावड्यांची तपकीर आसा ती," आते म्हणाल्या. "उशिरान उतरता, पण उतरता!"

देऊळ हसायला लागलं. बाळा गुरवानं हात वर केले, "उजवो कौल!" आणि बायकांत एकदम गलका झाला. मी इतक्या वेळानं पहिला श्वास नाकानं घेतला आणि तिथंच, देवीसमोर, पोटभर शिंकलो. पण तोवर गाऱ्हाणं संपलं होतं. कुणी धरलं नाही.

चैत्रात लग्न झालं. वडील घाटात दोनदा ओकले, पण आले. हळदीच्या दिवशी चंद्राआते मला हळद लावायला आल्या, तेव्हा मी हळूच विचारलं, "आते, एवढे सगळे उपाय तुम्हाला कसे हो माहीत?"

"माहीत खंयचे? तुझ्यारच तर करून बघलंय."

"म्हणजे?"

"अरे, सख्ख्या भावाच्या नाकात काय घालूच्या आधी बघूक नको, काय होता ता?" असं म्हणून त्यांनी माझ्या नाकाला हळद फासली. "बरा झाला तो काढो तुका दिलंय. आबाचा तोंड तसा सुजला असता, तर बागेचो सौदो करूक इलेलो दलाल पळान गेलो असतो."

त्यावर आबांशी मात्र काही बोलायची माझी छाती झाली नाही. तेही बोलले नाहीत. वर्षभर आमचं बोलणं म्हणजे "जेवलास?" आणि "जेवलो."

पुढचा माघ आला. हेमांगी आणि मी सकाळीच तावड्यांकडं गेलो होतो. आतेंनी मला पाटावर बसवून नाकात तेल सोडलं. शेजारी दुसरा पाट मांडलेला होता. थोड्या वेळानं आबा आले, इकडं तिकडं बघितलं आणि मुकाट्यानं त्या पाटावर बसून मान वर केली. आतेंनी त्यांच्याही नाकात तेल सोडलं. मी भिंतीकडं बघत राहिलो.

"चल, बाग बघूक," उठल्यावर आबा मला म्हणाले.

आज्यानं लावलेल्या त्याच झाडाखाली आम्ही उभे राहिलो. मोहोर गेल्या सालापेक्षाही जास्त होता. दव टपकत होतं. आबांनी खिशातून चांदीची डबी काढली. सवयीनं पाठमोरे होतील म्हणून मी तोंड दुसरीकडं फिरवलं.

"घे," ते म्हणाले.

डबी माझ्यापुढं धरलेली होती. मी आयुष्यात कधी तपकीर ओढलेली नव्हती, पण ज्या माणसानं कुणाला चिमूट दिली नाही तो देतोय म्हटल्यावर नको म्हणवेना. मी झाकण उघडलं. आत काही नव्हतं. घासून पुसून ठेवल्यासारखी डबी लखलखीत होती, कणभर पूडसुद्धा नव्हती.

"आबा, ही रिकामी..."

"पयल्यांदा घातलेली थोडी. लय जळता रे नाक त्या तपकिरीन. माका सोसणा नाय." ते झाडाकडं बघत बोलत होते. "माझो बापूस म्हणायचो, मोहोराक शिंकता तेच्या हातात बाग देवची नाय, मोहोर गळता. सगळी बाग धाकट्या भावाच्या नावान करूक निघालेलो. वीस वर्सांचो होतंय मी. ह्या झाडांशिवाय दुसरा काय माका येत नव्हता. मगे ही डबी धरलंय."

"आणि मोहोर गळला का हो?"

"गळता. दर वर्सा गळता. शिंकलंय तरी, नाय शिंकलंय तरी." त्यांनी खोडावर हात ठेवला. मग म्हणाले, "बापाशीन माझा जा करूचा ठरवल्यान, ताच मी तुझा करूक बसलंय. त्या दिवशी देवळात ध्यानात इला."

 

मी त्या रिकाम्या डबीतली चिमूट भरली. आबांनीही भरली. दोघांनी ती नाकाला लावली. आतेंचं तेल त्या दिवशी काही कामाला आलं नाही. आम्ही शिंकलो ते असे शिंकलो, की वरचे पक्षी उडाले आणि आबांना हसता हसता खोडाला धरून उभं राहावं लागलं.

गडग्यापलीकडून बाळा गुरव चालला होता. तो थांबला.

"काय आबा, जावयाक पण तपकिरीचो नाद लावलास? आमका कधी चिमूट दिलास नाय ता!"

आबांनी डबीचं झाकण टपकन लावलं आणि खिशात टाकली.

"तो घरचो आसा," ते म्हणाले, आणि पुन्हा शिंकले.